दोन पार्ट एकदम

मेकॅनिक चाचांच्या दुकानाचा एक नियम होता आणि तो ठाऊक नसलेलं गिऱ्हाईक आमच्या वाशीमजवळच्या मालेगावात नवखं समजलं जायचं. बिघडलेल्या यंत्रातला एका वेळी एकच पार्ट बदलायचा. बदलून लावून बघायचं, एक दिवस चालू द्यायचं. सुधरलं तर ठीक. नाही सुधरलं तर जुना पार्ट परत जागेवर बसवायचा आणि मगच दुसऱ्याकडं वळायचं. दोन पार्ट एकदम बदलून मोकळं होणाऱ्या मेकॅनिकला ते चोर म्हणत नसत, अनाडी म्हणत. "दोन पार्ट एकदम बदलले तर मशीन सुधरते, मास्तर. मेकॅनिक नाई सुधरत."

हे वाक्य मी अकरा वर्षं ऐकलं. वाशीम रोडला त्यांचं दुकान, वर एक खोली, ती माझी. बायको-मुलं शिरपूरला, मी सोमवार ते शनिवार इथं. शाळेत विज्ञान शिकवतो. प्रयोगात एका वेळी एकच गोष्ट बदला, हे मी आठवीला फळ्यावर लिहून द्यायचो. खाली चाचा तेच रोज करत असत, फक्त त्यांच्या प्रयोगाला लोकांचे मिक्सर लागत.

मिक्सर आठ-आठ दिवस पडून राही. एकदा एक बाई दुकानासमोर उभी राहून म्हणाली, "चाचा, माया मिक्सर दुरुस्तीले टाकला का शाळेत टाकला?"

चाचांनी मान वर न करता सांगितलं, "शिकून राह्यला. औंदा पास होते."

पाण्याच्या मोटारी, पंखे, जुने रेडिओ, गिरणीचे स्टार्टर, सगळं तारेच्या आकड्यांना लटकलेलं असे आणि प्रत्येकाला दोऱ्यानं बांधलेली पुठ्ठ्याची चिठ्ठी. चाचा उर्दू शाळेत चौथीपर्यंत गेलेले. मराठी बोलत आपल्यासारखीच, वाचायला मात्र त्यांना येत नसे. चिठ्ठ्या उर्दूत. त्यावर ते बिघाड लिहीत नसत. वर तारीख, मग गिऱ्हाईक जे बोललं ते, त्याच्याच शब्दांत. मी कधी विचारलं तर वाचून दाखवत. "रडते." "सासूनं लावला तं चालते, मी लावला तं नाई." "कालपर्यंत बरा होता, कसम." खालची ओळ कोरी. यंत्र सुधरलं की तिथं काढलेल्या पार्टाचं नाव येई आणि तो जुना पार्ट दोऱ्यानं बांधून यंत्रासोबत परत जाई. दुरुस्त झालं नाही तर कोऱ्या ओळीसकट चिठ्ठी आणि सामान परत. त्याची त्यांना लाज वाटत नसे.

आणखी एक. गिऱ्हाईक बोलून संपत नाही तोवर स्क्रूला हात नाही. "पयले जे सांगते ते मशीनचं नसते, त्याचं सोताचं असते," ते म्हणत. "थोडं थांबा लागते. दुसऱ्यांदा सांगते ते मशीनचं." म्हणून पहिलं बोलणं चिठ्ठीवर लिहीत आणि दुसऱ्याची वाट बघत बसत. कोणी कोणी संध्याकाळपर्यंत दुसरं काही बोलत नसे. मग यंत्रही तसंच.

शाळेचा अॅम्प्लिफायर पंधरा ऑगस्टच्या चार दिवस आधी मीच त्यांच्याकडं टाकला. चौदा तारखेला दुपारी त्यांनी एक पार्ट बदलला, आवाज आला पण घरघरत. दुसराही बदला, उद्या झेंडा आहे, म्हणून मी हातापाया पडलो. ते म्हणाले की उद्या झेंडा आहे हे अॅम्प्लिफायरला माहीत नाही. हेडमास्तरांनी भाषण नुसत्या घशानं केलं आणि पुढं वर्षभर मला त्या घशाची आठवण करून देत राहिले.

हा नियम त्यांनी स्वतःच्या देहालाही लावलेला होता. चहात एक दिवस साखर, एक दिवस अद्रक. दोन्ही घातलं तर चव कशाची ते समजत नाही म्हणे. ताप आणि खोकला बरोबर आला तर आधी तापाची गोळी, तो उतरला की मग खोकल्याचं बघू. चाची होत्या तेव्हा त्या गुपचूप काढ्यात सगळं मिसळून देत आणि चाचा बरे होऊन वर नियमालाच श्रेय देत, असं त्यांची मुलगी हसत सांगायची. मुलगी वाशीमला दिलेली. चाची जाऊन सहा वर्षं झाली होती.

तर अशा माणसाला संडासवाटे रक्त जायला लागलं.

मला ते चार महिन्यांनी कळलं. त्यांनी मूळव्याध धरून चालवलेलं. पहिला महिना तिखट बंद. रक्त थांबलं नाही. मग तिखट सुरू केलं आणि वांगं बंद केलं. तिसऱ्या महिन्यात वांगं सुरू, बसायचं लोखंडी स्टूल बंद, त्याजागी गोणपाट. चौथ्यात तंबाखू. एकेक पार्ट, नियमाप्रमाणे. मी चिडून म्हणालो, चाचा, हा काय मिक्सर आहे? ते म्हणाले, मिक्सर असता तर खोलून पाहिला असता, म्हणून तर वेळ लागून राहिला.

अकोल्याला खोलून पाहिलं, म्हणजे दुर्बीण घातली. गाठ निघाली. लहान होती, लवकर सापडलेली, पण गुदद्वाराच्या अगदी तोंडाशी. अकोल्याच्या डॉक्टरांनी नागपूरच्या एका मोठ्या दवाखान्यात पाठवलं. मुलीचं लेकरू तेव्हा दोन महिन्यांचं, म्हणून मी गेलो. दवाखान्याचे कागद मराठीत आणि इंग्रजीत, ते वाचणारं माणूस हवं होतं हेही खरं.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आधी ऑपरेशनचं सांगितलं. गाठ जिथं होती तिथं ऑपरेशन म्हणजे खालचा मार्ग कायमचा बंद आणि पोटावर पिशवी. चाचांनी एकच विचारलं, पिशवी किती दिवस? जन्मभर, बाई म्हणाल्या. त्यांनी हेही सांगितलं की पिशवी लावून कितीतरी माणसं नमाज पढतात, कामं करतात. चाचा ऐकत होते आणि मान हलवत नव्हते. वजू करून, हात-पाय-तोंड धुऊन पाक होऊन मशिदीत ओळीत उभं राहायचं आणि पोटावर ती पिशवी, हे त्यांच्या डोळ्यांपुढं उभं राहिलेलं मला दिसत होतं. मग घड्याळात पाहून ते उठले. जोहरच्या, दुपारच्या नमाजाची वेळ झाली होती. डॉक्टर बोलत असताना मधेच उठून जाणारा पेशंट बाईंनी आधी पाहिला नसावा.

पुढचं जे महत्त्वाचं होतं ते त्यांच्या माघारी झालं.

बाई म्हणाल्या, दुसराही एक मार्ग आहे. नवा आहे, अभ्यासातला आहे. आधी पाच दिवस किरणांचा शेक. त्यासोबतच दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून एक औषध. शेकानं गाठ मरते, फुटते. पण शरीरात आपलेच पहारेकरी असतात आणि या गाठीनं त्यांचे हात बांधून ठेवलेले असतात. हे औषध ते हात सोडतं. गाठ फुटलेली आणि पहारेकरी मोकळे, असं एकाच वेळी झालं तर गाठ पुरती विरघळू शकते. विरघळली तर ऑपरेशन नाही, फक्त दर तीन महिन्यांनी दुर्बीण घालून बघत राहायचं. नाही विरघळली तर ऑपरेशन आहेच. आणि सोडलेले पहारेकरी कधीकधी आपल्याच घरात दंगा करतात, आतड्यात, थायरॉईडमध्ये. तसं झालं तर तासाचाही उशीर नको. "दोन्ही मिळून एकट्यापेक्षा किती चांगलं, हे आम्हीही अजून शिकतोच आहोत," त्या म्हणाल्या. "तुम्ही सायन्सचे आहात. तुम्हीच नीट समजावून सांगा. कागद घरी न्या, सगळा वाचून दाखवा, आठ दिवसांनी या."

तुम्ही सायन्सचे आहात, हे मला गोड लागलं. आज कबूल करतो.

परतीच्या बसमध्ये चाचा खिडकीशी झोपले आणि मी त्या कागदाकडं बघत बसलो. अकरा पानं. त्यातली दोन त्या औषधाची. मला चाचांचं उत्तर आधीच ऐकू येत होतं. शेक आणि औषध एकदम? दोन पार्ट? आधी शेक द्या, थांबा, पाहा. मग ते औषध. आणि तोवर गाठ थांबली नाही तर? खरं सांगायचं तर चाचांचंच बरोबर असेल का, हेही मला कळत नव्हतं. पुस्तकानं चाललं तर त्यांचं बरोबर. पण पुस्तकातल्या प्रयोगात कोणी मरत नाही.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर दुकानात बसून मी कागद वाचला. औषधाची दोन पानं आली तेव्हा ती दोन्ही चिमटीत धरून ओलांडली आणि पाठ केल्यासारखं म्हणालो, "अन् शेकानं अशक्तपणा येते, म्हणून सोबत ताकदीचं इंजेक्शन देतात."

चाचा स्क्रू मोजत होते. खोललेल्या यंत्राचे स्क्रू वाटीत टाकताना ओठांनी मोजायची त्यांची सवय. ते म्हणाले, "ताकदीचं."

"हो."

"बरं."

नागपूरला त्यांनी अंगठा देऊन शेजारी उर्दूत सही केली. काही विचारायचंय का, असं बाईंनी विचारलं तर म्हणाले, मास्तरनं वाचून दाखवलं. खाली साक्षीदार म्हणून माझी सही, की रुग्णाला सर्व मजकूर समजेल अशा भाषेत वाचून दाखवला. खिडकीवर एक पिवळं कार्ड मिळालं. रुग्णाला अमुक औषध सुरू आहे, हे सतत जवळ ठेवावं आणि कुठल्याही डॉक्टरला आधी दाखवावं. ते मी माझ्या खिशात घातलं आणि खोलीवर आल्यावर फाईलसकट लोखंडी कपाटात ठेवलं. त्यांच्याजवळ ठेवलं असतं तर कोणीतरी वाचून दाखवलं असतं.

शेक झाला. तीन इंजेक्शनं झाली. चाचा बसमधून उतरले की थेट दुकान उघडत. ताकदीचं इंजेक्शन घेऊनही ताकद काही येत नाही, एवढीच त्यांची तक्रार असे.

मग जुलाब सुरू झाले. मी म्हणालो, शेकाचं असेल. शेकानंही होतात, ते खोटं नव्हतं. दिवसाला सहा, मग दहा. मालेगावच्या डॉक्टरांनी बंद व्हायच्या गोळ्या दिल्या. मला शंका आली नाही असं नाही. आली. पण शेकामुळं की औषधामुळं, हे कसं ओळखायचं? दोन पार्ट एकदम बदललेले होते. मी आठवीला शिकवतो तोच धडा माझ्यासमोर दुकानात गोणपाटावर बसून पाणी पीत होता आणि मी रोज सकाळी त्याला, आज कसं आहे, असं विचारून शाळेत जात होतो.

पाचव्या दिवशी ते दुकानातच पडले. शेजाऱ्यांनी मुलीला कळवलं, तिनं त्यांना वाशीमच्या दवाखान्यात नेलं आणि तिथून मला फोन केला. मी शाळेच्या ओट्यावर होतो, मधली सुट्टी होती.

"सर, डॉक्टर विचारून राह्यले की इंजेक्शन कशाचं होतं. अब्बा म्हणते ताकदीचं. डॉक्टर म्हणते, नाव सांगा."

नाव मला पाठ होतं. खोलीवर जाऊन कार्डाचा फोटो काढून पाठवायला पाच मिनिटं लागली असती. तोंडानं सांगायला एक वाक्य. मी म्हणालो, "कागद पाहावा लागेल. घेऊन येतो." हेडमास्तरांना सांगितलं, खोलीवर गेलो, कार्ड घेतलं, स्टँडवर आलो. बस नव्हती. वीसेक मिनिटं उभा राहिलो. कार्ड खिशात, फोन दुसऱ्या खिशात. मग बस मिळाली, मधे प्रत्येक फाट्यावर थांबली. त्या सगळ्या वेळात मी काय करत होतो? तिला काय सांगायचं याची जुळवाजुळव करत होतो. दवाखान्यात पोहोचलो तेव्हा दीड तास गेला होता. चाचांचे ओठ पांढरे पडले होते.

डॉक्टरांनी कार्ड वाचलं आणि उभ्या उभ्या नागपूरला फोन लावला. स्टेरॉईड सुरू झालं. रक्तदाब रात्रभर खालीच राहिला, तिसऱ्या दिवशी चाचा उठून बसले. डॉक्टर म्हणाले की कार्ड आलं म्हणून वाचले. मुलीनं माझे हात धरले. मी तिला सांगितलं की मलाही ते ताकदीचंच वाटत होतं, फाईल चाळताना कार्ड दिसलं आणि धावत आलो.

म्हणजे पुन्हा खोटं. आणि त्या दिवसापासून मी त्या घरातला देवमाणूस झालो. ईदला डबा यायचा. तिच्या सासरची माणसं मला बसायला खुर्ची द्यायची.

औषध बंद करावं लागलं, तीनच झाली होती. स्टेरॉईड हळूहळू कमी करत दोन महिने लागले. मग दुर्बिणीत पाहिलं तर गाठ नव्हती. पांढरा डाग होता फक्त, जखम भरल्यावर राहतो तसा. डॉक्टरीणबाई हसल्या. चाचांनी त्यांना विचारलं, "कोणत्यानं गेली?"

त्या म्हणाल्या, दोन्हींनी मिळून गेली असेल. एकट्या शेकानंही गेली असती कदाचित. एका माणसावरून सांगता येत नाही.

"मशीन सुधरली," चाचा म्हणाले. पुढचं वाक्य त्यांनी म्हटलं नाही. मला ते ऐकू आलं.

दुकान पुन्हा उघडल्यावर एक दिवस मला आकड्यांच्या रांगेत, एका पंख्याच्या आणि रेडिओच्या मधे, दुर्बिणीनंतर मी त्यांना परत दिलेली नागपूरची फाईल लटकलेली दिसली. तिला दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेली. हे काय, मी विचारलं. त्यांनी ती हातात घेऊन वाचली. तारीख मी कागद वाचून दाखवला त्या दिवसाची होती. खाली लिहिलं होतं, मास्तर म्हणते ताकदीचं आहे. त्याखालची ओळ कोरी.

चाचा बिघडलेल्या सामानालाच चिठ्ठी बांधत. त्या दिवशी दुकानात दुसरं काही आलं नव्हतं. मी आलो होतो.

"अकरा पानं होती," ते म्हणाले. "तू नऊ उलटवली. दोन बोटात धरून नेली."

मी शेजारच्या पंख्याचं पातं बोटानं फिरवलं.

"मले समजलं की त्या पानात माया नियमाच्या उलट काईतरी हाय. नाई तं तू काहून सोडशीन? विचारलं असतं तं तू सांगितलं असतं. सांगितलं असतं तं मले नाई म्हणा लागलं असतं." त्यांनी वाटीतला एक स्क्रू उचलून उजेडात धरला, परत ठेवला. "जीवाची भीती मले बी होती, मास्तर. नियम माया हातानं मोडत नव्हता. तू मोडून राह्यला होता. मी मोडू देल्ला."

"पण मग वाशीमच्या डॉक्टरांना..."

"काय सांगू? मले काय म्हाईत होतं? तुयेच शब्द सांगितले. चिठ्ठीवरचे."

मग ते माझ्याकडं बघत बसले. ती नजर मी इतकी वर्षं दुसऱ्यांवर पडताना पाहिली होती. पहिलं बोलून झालं, आता दुसऱ्याची वाट. मला सांगता आलं असतं. तो फोन, ते वाक्य, ती स्टँडवरची वीस मिनिटं. दुकानात कोणी नव्हतं. मी म्हणालो, "चाचा, माफ करा, पानं सोडली ती चूक झाली."

ते त्यांना आधीच माहीत होतं.

त्यांनी आणखी थोडा वेळ वाट पाहिली. मग फाईल परत आकड्याला लावली.

त्यानंतर दोन वर्षं चाचा होते. दर तीन महिन्यांनी आम्ही नागपूरला जात असू आणि पांढरा डाग पांढराच असे. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी एका दुपारी दुकानातच हृदय थांबलं. गाठीचा त्यात काही संबंध नव्हता, असं डॉक्टर म्हणाले. चहाचा ग्लास शेजारी होता. त्या दिवशी साखरेची पाळी होती की अद्रकची, ते मला विचारायचं राहून गेलं.

जनाजा झाल्यावर आलेल्यांना मुलगी सांगत होती की सरांमुळं अब्बाला दोन वर्षं मिळाली. मी खुर्चीवर बसलेला होतो. लोक माझ्याकडं बघून मान हलवत होते. तेव्हाही मी काही बोललो नाही.

दुकान रिकामं करायला ती महिन्याभरानं आली. अब्बाच्या उर्दू चिठ्ठ्या मोठ्यानं वाचून, जो आपलं बोलणं ओळखेल त्याला त्याचं सामान देत होती. पंखा दिला, दोन मोटारी दिल्या. मग फाईलची चिठ्ठी वाचली, तारीख पुन्हा पाहिली आणि मला हाक मारून वरून खाली बोलावलं.

"सर, हे काय हाय?"

मी तिला सांगितलं. आधी फोनचं सांगितलं. तुम्ही नाव विचारलं तेव्हा मला ते पाठ होतं, म्हणालो. मग कार्डाचं, मग पानांचं. उलटं सांगितलं, कारण सरळ सांगितलं असतं तर फोनपर्यंत पोहोचलो नसतो. काहून, असं तिनं विचारलं. त्यांना वाचवायला खोटं बोललो आणि स्वतःला वाचवायला गप्प राहिलो, एवढं तोंडात आलं. पण बोलता बोलताच वाटलं की हेही फार नीटनेटकं होतंय; पानं ओलांडताना माझ्या मनात त्यांचा जीव किती होता आणि सायन्सचा मास्तर किती, हे मला आजही वेगळं काढता येत नाही. म्हणून म्हणालो, माहीत नाही.

बाहेरून एक ट्रॅक्टर गेला, आकड्यांवरचं सामान हललं.

"अब्बाले म्हाईत होतं?"

"पानांचं होतं. फोनचं नाही."

तिनं चिठ्ठीचा सुटलेला दोरा पुन्हा बांधला. गाठ घट्ट केली, ओढून पाहिली, बापासारखी. मग फाईल माझ्या हातात दिली.

"न्या मंग," ती म्हणाली. "जे दुरुस्त नाई झालं ते ज्याचं त्याले वापस देऊन राह्यली मी."